वजनाचं कार्ड: वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या जेवणाच्या प्रकल्प नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२४)

३ जून २०२४

आजपासून सुरू. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव आणि त्याच्या वाड्या, तिथली साठीच्या वरची जी माणसं आहेत त्यांचं वजन, जेवण, दात, चालू असलेल्या गोळ्या हे सगळं एका वहीत घ्यायचं आणि दर महिन्याला परत बघायचं, एवढाच प्रकल्प आहे. टीम म्हणजे मी (न्यूट्रिशन शिकून गावात परत आलेय), दोन आशाताई आणि वाचनालयातली दोनतीन मुलं. वजनकाटा आणि साखर तपासायचं मशीन घ्यायला पैसे वाडीच्या मुंबई मंडळानं दिले.

हे का करावंसं वाटलं ते लिहून ठेवते. अंगणवाडीत प्रत्येक पोराचं वजन होतं, तक्ता भरला जातो, एक किलो कमी झालं तरी बाई घरी येऊन विचारतात. त्याच घरात आजी वर्षभरात पाच किलो उतरते आणि सगळे म्हणतात "वयच झालं आता". लासी म्हणून देशभरातल्या वयस्कर माणसांचा मोठा सर्व्हे आहे, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं २०१७-१८ ला केलेला, त्यात साठीच्या वरचे २७ टक्के लोक कमी वजनाचे निघाले. म्हणजे चारात एकापेक्षा जास्त. आणि तरीही आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या खाण्याचा विषय निघाला की बोलणं साखर आणि बीपीच्या पलीकडे जातच नाही, वजन कमी होणं हा आजार असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच नाही.

७ जून २०२४

फॉर्म ठरला. एमएनए म्हणून सहा प्रश्नांची जगभर वापरली जाणारी चाचणी आहे, १४ पैकी मार्क, १२ किंवा जास्त म्हणजे ठीक, ८ ते ११ धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. प्रश्न आम्ही आपल्या भाषेत केले कारण "गेल्या तीन महिन्यांत वजन घटलं का" असं विचारलं तर कोणी उत्तर देत नाही, वजन केलेलंच नसतं तर सांगणार काय. त्यापेक्षा "बांगड्या सैल झाल्या का", "पोलक्याला टाके घालावे लागले का", "लेंग्याची नाडी पूर्वीपेक्षा आत ओढावी लागते का" असं विचारलं की लगेच उत्तर येतं.

दुसरी अडचण उंचीची. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) काढायला उंची लागते आणि पाठीत वाकलेल्या माणसाची उंची घेणार कशी. त्यावर चाचणीतच सोय आहे, बीएमआय काढता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजायचा, ३१ सेंटीमीटरच्या खाली असेल तर शून्य मार्क. शिंप्याची टेप चालते. फक्त पायाला सूज असेल तर तो आकडा खरा धरायचा नाही, हे मुलांना दोनदा सांगून ठेवलंय.

१२ जून २०२४

वरच्या वाडीतून सुरुवात. पाऊस धरलाय, पाखाडीवर शेवाळ, म्हणून काटा पिशवीत घालून आम्हीच घरोघर जातोय.

एक आजी, वय विचारलं तर "मोठ्या पुराच्या साली लगीन झालं" म्हणाली, मुलगा सून मुंबईला, एकटीच असते. वजन ३७ किलो ४००. पोटरी २७. काल काय खाल्लं ते सगळं विचारलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दहाला पेज आणि लोणचं, दुपारी भात आणि वरचं पाणी (आमटीचं वरचं पाणीच, डाळ खाली राहते कारण डाळीनं पोट गच्च होतं), चारला परत चहा टोस्ट, रात्री दुपारचाच भात आणि ताक. "येकटीसाठी काय रांधू गो बाय."

घरी येऊन हिशोब केला, प्रोटीन जेमतेम वीस ग्रॅम भरलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा आहे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे आजीला कमीत कमी ३१ ग्रॅम, आणि वय झाल्यावर एक ते १.२ ग्रॅम धरावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात कारण उतारवयात तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू कमी बनतात. एवढ्या वजनाच्या माणसाला हे असं किती दिवस पुरणार. पोट भरतंय, भूक लागत नाही, त्यामुळे उपाशी आहे असं तिलाही वाटत नाही आणि शेजारणीलाही नाही. स्नायू मात्र रोज थोडे थोडे जातायत, मग एक दिवस न्हाणीत पाय सरकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. पडण्याची गोष्ट सगळे सांगतात, त्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या टोस्टची कोणी सांगत नाही.

१९ जून २०२४

दात. यावर वेगळं पान केलं कारण जवळजवळ प्रत्येक घरात तेच निघतंय. दात नाहीत म्हणून भाकरी सुटली, भाकरी सुटली म्हणून नाचणी सुटली, मग कडधान्य, पेरू, काकडी, मटण असं एकेक करत ताटात फक्त मऊ पांढरं उरलं. कवळी बऱ्याच जणांकडे आहे पण डबीत. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, हिरडी आत जाते, त्यामुळे चारपाच वर्षांपूर्वी केलेली कवळी आता बसत नाही, टोचते. ती परत बसवून घेता येते, आतून नवं अस्तर घालतात, हे खूप जणांना माहीतच नाही. आणि केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना कवळी धरून साधनं मिळतात, शिबिर कधी आहे ते आशाताई तालुक्याला विचारून येणार आहेत.

तोपर्यंत: नाचणीची भाकरी दुधात कुस्करून, नाचणीची आंबील, कडधान्य कुकरला दोन शिट्ट्या जास्त देऊन रवीनं घोटून, अंडं उकडण्याऐवजी मऊ बुर्जी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, एवढं कुठल्याच दुसऱ्या रोजच्या धान्यात नाही, आणि ती आपल्या वरकस जमिनीवर पिकत आलीय. ती ताटातून जाऊ द्यायची नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी. पाणी पिताना किंवा घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर ते दाताचं नाही, गिळण्याचं आहे, त्यांना थेट डॉक्टरकडे पाठवतोय. खालच्या वाडीतले एक आबा तसे निघाले.

२८ जून २०२४

आज सगळ्यांचे आकडे समोर घेऊन बसले तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली, आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या जेवणाचा सगळ्यात वाईट काळ कोणता तर हाच, जून ते अर्धा सप्टेंबर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ताजी मासळी नाही, जी येते ती महाग. ४ ऑगस्टला दिव्याची आवस, ५ पासून श्रावण, म्हणजे बऱ्याच घरांत मासे अंडी काहीच नाही. ७ सप्टेंबरला गणपती, ते अनंत चतुर्दशीपर्यंत शाकाहारच. आणि ही सगळी जेवणं भाताची. वर लावणीचे दिवस, घरात कोणी असलं तरी दिवसभर शेतात, म्हातारं माणूस घरात एकटं आणि सकाळची पेज संध्याकाळपर्यंत. शहरातल्या तक्त्यांमध्ये "आठवड्यातून दोनदा मासे खा" लिहिलेलं असतं, ते आमच्याकडे ऑक्टोबरपासून पुढे खरं आहे, पावसात नाही.

म्हणून सुकी मासळी. जवळा आणि बोंबील वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रोटीनच असतात, मूठभर जवळ्यात एका अंड्यापेक्षा जास्त मिळतं. बीपीवाल्यांना सगळे सुकं बंद सांगतात, पण जवळा आणि बोंबील साधारण नुसते उन्हात वाळवतात, मिठात घालतात तो खारा बांगडा वगैरे, तो बंद ठेवा. जवळा निवडून, दोन पाण्यांनी धुऊन, भाजून, कांदा कोकम घालून पेजेबरोबर, मीठ वरून अजिबात नाही. आजीला करून दाखवला, पेज नेहमीपेक्षा वाटीभर जास्त गेली. तोंडाला चव आली की जेवण वाढतं हे पण तितकंच महत्त्वाचं, वयानुसार चव आणि वास दोन्ही कमी होतात, अळणी फिकं जेवण पुढे ठेवून "खा खा" म्हणण्यात काही अर्थ नाही.

१७ जुलै २०२४

आषाढी. सकाळी अकराला फोन आला, मधल्या वाडीतल्या काकींना दरदरून घाम, हातपाय थरथरतायत, बोलणं अडखळतंय. आशाताई जवळच होत्या, मशीन लावलं तर साखर ५४. पहाटे ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी घेतलेली आणि पोटात फक्त चहा, एकादशीचं निर्जळाच्या जवळ जाणारं व्रत. शुद्धीवर होत्या म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, वर आली, मग केळं आणि दूध. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आणलं, आता बऱ्या आहेत.

हे सगळ्या घरांत सांगायला हवंय म्हणून मोठ्या अक्षरात लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावलं. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की खाल्लं नाही तरी त्या साखर खाली ओढतातच, इन्सुलिनचंही तेच. उपवास करायचा असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरला विचारायचं की त्या दिवशी गोळीचं काय करू, स्वतःच्या मनानं गोळी बंदही करायची नाही आणि उपाशीपोटी घ्यायचीही नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बघायची, १०८ ला फोन करायचा. काकींना उपवास सोडा असं मी म्हटलं नाही, कोणाची पन्नास वर्षांची एकादशी मोडायचा मला काय अधिकार, पण साबुदाण्याच्या जागी राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी असं वेळेवर खाऊन उपवास होऊ शकतो आणि त्यांना ते पटलंय.

२५ जुलै २०२४

आजचं पान सगळ्यात मोठं होणार कारण या प्रकल्पात मला जे सांगायचंय ते हेच आहे.

एक तात्या, ७६ वर्षांचे, शिक्षक होते, बायको गेली, मुलगा सून जवळ आहेत आणि खरंच काळजी घेणारे आहेत. घरात दूध आहे, अंडी आहेत, पैसे आहेत. तरी वर्षभरात वजन खूप उतरलंय, चाचणीत ७ मार्क. सुनेनं स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेला कागद दाखवला, काय काय बंद आहे त्याचा. साखर आहे म्हणून भात, बटाटा, केळं, आंबा, सगळी फळं बंद. बीपी म्हणून मीठ बंद. मागे एकदा युरिक अॅसिड वाढलं होतं म्हणून डाळी कडधान्य बंद. कोलेस्टेरॉल म्हणून अंडं, शेंगदाणे, खोबरं, तूप बंद. दही वातूळ म्हणून शेजारच्यांनी सांगितलं, दूध कफ करतं म्हणून व्हॉट्सअॅपवर आलं. प्रत्येक गोष्ट कोणीतरी कधीतरी सांगितलेली, काही डॉक्टरनी, काही कंपाउंडरनी, काही नातेवाईकांनी, आणि एकही कधी मागे घेतलेली नाही. तो कागद फक्त वाढत गेला. तात्या दिवसाला दोन ज्वारीच्या भाकऱ्या, दुधी नाहीतर पडवळाची अळणी भाजी आणि बिनसाखरेचा चहा एवढ्यावर आहेत, दोन वर्षं, आणि घरातल्यांना वाटतंय की आपण अगदी काटेकोर पथ्य सांभाळतोय.

यात कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. सून प्रेमानंच करतेय. पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला काय खायचं नाही हे सांगणारे दहा जण असतात, आणि काय खायचं, किती खायचं, हे सांगणारा एकही नसतो. पथ्यानं आजार सांभाळला जातो आणि माणूस वाळत जातो.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी वेळ काढला, तात्यांचे सगळे रिपोर्ट घेऊन आम्ही तो कागद एकेक ओळ तपासली. क्रिएटिनिन व्यवस्थित आहे, किडनीचं काही नाही, युरिक अॅसिड आता नॉर्मल, तर डाळ कडधान्य सुरू. अंडं रोज एक, सुरू. दही ताक सुरू. फळ रोज एक, जेवणानंतर लगेच नाही, मधल्या वेळेला. शेंगदाण्याचं कूट दोन चमचे भाजीत. मीठ बेताचं, पण अळणी नाही, फक्त लोणचं पापड बंद. साखरेबद्दल डॉक्टर म्हणाले या वयात आणि इतक्या अशक्त माणसाला तीन महिन्यांची सरासरी साखर तरण्या माणसाइतकी कडक ठेवायचा हट्ट करायचा नाही, साखर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त असतो, आणि गोळीचा डोस त्यांनी त्याप्रमाणे बदलला. (किडनीचा आजार असलेल्यांचं वेगळं, त्यांनी हे बघून काही सुरू करू नये, त्यांचं डॉक्टर ठरवतील.)

सुनेनं नवा कागद लिहिला, या वेळी काय द्यायचं त्याचा.

१४ ऑगस्ट २०२४

श्रावण चालू. कुळथावर भर. कुळथाची पिठी आणि भात, शंभर ग्रॅम कुळथात २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, पीठ असल्यामुळे चावायचा प्रश्न नाही, दहा मिनिटांत होते, एकट्या माणसाला जमते. वालाची डाळिंबी घोटून, काळ्या वाटाण्याची आमटी मिक्सरला अर्धी फिरवून. टाकळा, कुर्डू, भारंगी मुलं आणून देतायत. चहा जेवणाबरोबर नको, निदान तासभर आधी किंवा नंतर, नाहीतर भाजीतलं लोह अंगी लागत नाही.

कुळथात बी१२ हे जीवनसत्त्व मात्र नाही, कुठल्याच भाजी डाळीत नाही. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, जीभ गुळगुळीत लाल होणं अशा तक्रारी असलेल्यांची यादी वेगळी काढलीय, त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी किंवा पित्ताच्या गोळ्या घेणारे, दोन्हींनी बी१२ कमी होतं, आणि वयानं पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ सुटून शोषलं जात नाही. म्हणजे मासे खाणाऱ्यांनाही कमी असू शकतं. रक्त तपासायला पाठवलंय. "म्हातारपणाची विसर" म्हणून सोडून द्यायच्या आधी ही एक तपासणी व्हायलाच हवी असं मला फार वाटतं.

१० सप्टेंबर २०२४

गणपतीत सगळे चाकरमानी घरी. आज देवळात मीटिंग घेतली, आरती झाल्यावर, कोणी हलायच्या आत. प्रत्येकाला आपल्या आईवडलांचं कार्ड हातात दिलं, जूनचं वजन, जुलैचं, ऑगस्टचं. आजीचा मुलगा बराच वेळ कार्डाकडे बघत होता, ३७ किलो ४००, ३६ किलो ९००, ३७ किलो १००. म्हणाला फोनवर रोज विचारतो जेवलीस काय, ती जेवले म्हणते.

मग तेच बोलणं झालं. जेवलीस का विचारू नका, काय जेवलीस विचारा. येताना प्रोटीन पावडरचे आठशे हजाराचे डबे आणता, ते कपाटावर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेले असतात, चव आवडत नाही म्हणून किंवा जपून वापरायचं म्हणून. त्याच पैशात अर्ध्या लिटर दुधाचा रतीब लावा आणि दुकानात अंड्यांचं खातं उघडा, महिन्याचे पैसे तुम्ही पाठवा. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये येतात त्यात औषध, लाईट बिल सगळं बसवायचं असतं, रेशनला तांदूळ मिळतो, डाळ नाही, म्हणून डाळ सगळ्यात आधी कापली जाते. डाळीचे पैसे वेगळे पाठवा. दोघा तिघांनी तिथेच दूधवाल्याला फोन लावले.

वरच्या वाडीतल्या तिघी जणींनी ठरवलंय की दुपारचं जेवण एकत्र करायचं, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. ही कल्पना त्यांची, आमची नाही, आणि ती आमच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा भारी आहे. सोबत असली की दोन घास जास्त जातात.

१४ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला. वजनं. तात्या दोन किलो वर, चेहरा बदललाय, परत वाचनालयात येऊन पेपर वाचतात. आजी ३८ किलो २००. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठबस करायची चाचणी घेतली, जूनमध्ये आजीला एकदाही जमत नव्हतं, आता हळू का होईना पाचही होतात. नुसतं प्रोटीन खाऊन स्नायू येत नाहीत, त्यांना काम लागतं, म्हणून जेवणाच्या आधी रोज ही उठबस सगळ्यांना सांगितलीय, भिंतीला लावलेली दणकट खुर्ची, घडीची नको.

सगळ्यांचं वाढलेलं नाही. पाणी कमी पिण्याचं अजून कोणाचंच सुधारलं नाही, तहानच लागत नाही आणि रात्री उठायला नको म्हणून मुद्दाम पीत नाहीत. संध्याकाळी सहाच्या आत दिवसाचं पाणी संपवायचं, ताक, कोकमचं पाणी, पेज सगळं धरून, असं सुरू करून बघतोय. हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांना यातून वगळलं.

६ नोव्हेंबर २०२४

खालच्या वाडीतल्या एका आजोबांचं कार्ड जुलैपासून सरळ खाली, दूध अंडं सगळं चालू असून. सहा महिन्यांत पाच टक्क्यांवर वजन गेलं की खाण्यावर सोडायचं नाही, तपासणीच, हा नियम सुरुवातीलाच लिहिला होता. ताप नाही, खोकला बेताचा, विडीचा म्हणून सोडून दिलेला. आरोग्य केंद्रात बेडका तपासला, टीबी निघाला. उपचार सुरू झालेत. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिन्याला ५०० मिळायचे ते १ नोव्हेंबरपासून १००० झालेत, बँक पासबुक आणि आधार आज जमा केलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी उद्या.

१८ नोव्हेंबर २०२४

पुढचं ठरलं. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी अंगणवाडीत पोरांची वजनं होतात, त्याच दिवशी दुपारी तिथेच म्हाताऱ्यांची, बाई तयार आहेत. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे वाचनालयाची मुलं काटा घेऊन जातील. कार्डं छापून झालीत, मागच्या बाजूला डॉक्टर आणि आशाताईंचा नंबर, गोळ्यांची नावं लिहायला जागा, आणि बंद केलेल्या पदार्थांपुढे "कोणी सांगितलं, कधी, परत कधी विचारायचं" असे तीन रकाने. कवळीचं शिबिर अजून लागलेलं नाही, आशाताई परत तालुक्याला जाणार. बी१२ कमी निघालेल्यांची इंजेक्शनं चालू आहेत, जानेवारीत परत रक्त. पलीकडच्या गावातून विचारणा आलीय, त्यांना फॉर्म पाठवला, काटा त्यांचा त्यांनी घ्यायचाय.